शरणप्पांची गोटी

शरणप्पांच्या सदऱ्याच्या खिशात एक काचेची गोटी असते. हिरवी, आत पिवळी पाकळी असलेली. शरणप्पांचं वय बहात्तर. या वयाच्या माणसाच्या खिशात रक्तदाबाची गोळी सापडली तर आपण समजू शकतो. शरणप्पांच्या खिशात गोटी सापडते.

तुम्हाला आमच्या सोलापुरात घर विकत घ्यायचं असेल तर लोक तुम्हाला सांगतील, वकील नंतर बघा, आधी शरणप्पांना घेऊन जा. मग काय होतं ते ऐका. घरमालक दारात हात जोडून "या, या" म्हणत उभा असतो. शरणप्पा त्याच्या बगलेतून आत शिरतात, पंखा बंद करायला लावतात आणि पहिल्याच खोलीत उकिडवे बसून फरशीवर गोटी ठेवतात. आधी गोटीला कुठल्या भिंतीकडे जायचंय ते बघतात. मग त्या भिंतीपासून आठ वीत अंतर मोजून तिला पुन्हा सोडतात आणि ती भिंतीला टेकेपर्यंत कानडीतून आकडे मोजतात. "वंदु, यरडु, मूरु, नाल्कु..." त्या वेळी खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आकडा जितका लहान, तितका उतार मोठा. दहाच्या पुढे गेला तर ठीक. दहाच्या आत गोटी टेकली, तर शरणप्पा गुडघ्यावर हात देऊन उठतात, गोटी सदऱ्याला पुसतात आणि एकच शब्द बोलतात.

"ब्याड."

म्हणजे कानडीत 'नको'. या एका शब्दावर आजवर कितीतरी सौदे मोडले आहेत. घरांचे एजंट शरणप्पांना लांबून बघितलं की मोबाईल कानाला लावून उलट्या दिशेनं चालायला लागतात.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं सांगू शकतो, याचं कारण मी या माणसावर गेली आठ वर्षं जळतो आहे. ज्याच्यावर आपला लोभ असतो त्याच्याकडे आपलं एवढं लक्ष नसतं.

आता तुम्हीच न्याय करा. शरणप्पा काही इंजिनिअर नाहीत. चादरीच्या कारखान्यात माग बसवणारे फिटर होते. माग जमिनीवर काटेकोर सपाट बसला नाही, तर चादरीची किनार तिरकी जाते. सपाटी बघायची पाणसळ साहेबांच्या कपाटात कुलपात असायची. शरणप्पा कामावर यायचे सकाळी सातला आणि साहेब यायचे अकराला. म्हणून गोटी. बस, एवढंच त्यांचं शिक्षण.

आणि मी? मी सरकारी बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं आहे. पूल, शाळा, विश्रामगृहं, सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. समोर भिंत उभी केली तर कदाचित माझा गोंधळ होईल, पण भिंतीची फाईल मी डोळे बांधून ओळखतो. असा माणूस गल्लीत असताना लोकांनी घर दाखवायला कुणाला न्यावं? मला न्यावं. पण कुणी नेलं नाही.

एकदाच नेलं. म्हणजे न्यावं लागलं, कारण घर घेणारा माझा सख्खा मेहुणा होता, सिद्धाराम. मी चार दिवस त्याचे कागद वाचले. मंजूर नकाशा बघितला, शिक्के मोजले, सह्या ताडून बघितल्या आणि चष्मा काढून सांगितलं, "सिद्धाराम, डोळे झाकून घे."

माझी बायको सुनंदा म्हणाली, "डोळे उघडे ठेवून एकदा शरणप्पांना दाखवू की."

मे महिना होता. शरणप्पा घर बघायला दुपारी दोनलाच जातात. त्यांचं म्हणणं असं की, थंडीत सगळीच घरं गोड बोलतात, घराचा खरा स्वभाव सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला कळतो. आम्ही पाच माणसं घामानं निथळत त्या फ्लॅटमध्ये उभे. शरणप्पांनी पश्चिमेच्या भिंतीला गाल लावला, लहान मुलाचा ताप बघावा तसा.

"भिंतीला ताप हाय," ते म्हणाले. "पंखा गरम वारा टाकंल हितं."

मग खिशातून रुपयाचं नाणं काढून फरश्यांवर वाजवत निघाले. टण, टण, टण, टप. "हितं पोकळ." टण, टण, टप. "हितंबी." मग मोरीच्या दारात थांबून वर बघत राहिले.

"सगळं घर जुन्या कपड्यात," एजंटला म्हणाले, "ह्या कोपऱ्यालाच नवं कापड कशाला शिवलंय?"

"दिवाळीचा रंग आहे, काका."

"मे म्हयन्यात?"

एजंटनं मोबाईल कानाला लावला. शरणप्पा बाहेर गेले, जिना चढून वरच्या बाईंना "पाणी किती दिवसाआड येतंय?" असं विचारून गप्पा मारत बसले आणि दहा मिनिटांनी खाली आले, ते वरच्या मोरीतून तीन वर्षं पाणी खाली पाझरतंय ही बातमी घेऊनच.

"ब्याड."

तेव्हापासून माझा मेहुणा शरणप्पांच्या पाया पडतो. मला लांबून हात करतो.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. तपासणीच्या घरी ते पाणीसुद्धा पीत नाहीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेली स्वतःची बाटली बरोबर असते. सरबत पुढे आलं की हात जोडतात. "पाणी पिलं की जीब मऊ पडती. मग मानूस खोटं बोलतंय." घेणाऱ्याकडूनही काही घेत नाहीत. जो नेईल त्याच्या बाजूनं बोलायचं आणि चालत घरी जायचं, हा शिरस्ता.

आणि सगळ्यात शेवटी सुई. हा तर कळसच. गोटी झाली, नाणं झालं, गाल लावून झाला, की शरणप्पा घरातल्या सगळ्यात लहान खोलीत जातात. तिथली खिडकी उघडतात, खाली मांडी घालून बसतात, गांधी टोपीच्या आत खोचलेली सुई काढतात आणि तिच्यात दोरा ओवायला लागतात. ओवला गेला तर "हं" म्हणतात. नाही गेला तर काही बोलत नाहीत, पण तोंड पडतं. मग दोरा काढून सुई पुन्हा टोपीत. घराच्या तपासणीत सुईचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मला मात्र खात्री होती की हे निव्वळ नाटक आहे. मी बार्शीच्या गणेशोत्सवात सलग सहा वर्षं खलनायक केलेला माणूस आहे. मला नाटक ओळखू येतं.

शिवाय त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे एक हुकमी मुद्दा होता आणि मी तो चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जमेल तिथे मांडत असे. जगाला घरं निवडून देणारा हा माणूस स्वतः आमच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो! त्याही अशा, की भर दुपारी बल्ब लावल्याशिवाय माणसाला माणूस दिसत नाही. त्यांची बायको नीलव्वा त्याच बल्बखाली शिलाई मशीनवर टॉवेलच्या किनारी दुमडून शिवायची. भल्या पहाटेपासून मशीनचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. आठ वर्षांपूर्वी त्या गेल्या आणि आवाज थांबला. त्यानंतरच शरणप्पांनी हे लोकांची घरं तपासायचं काढलं. मी म्हणायचो, रिकामा माणूस, दुसरं करणार काय?

पण खरं सांगू? घरांचं मी एक वेळ सोडून दिलं असतं. माझं दुखणं वेगळंच होतं. सुनंदाचं माहेर अक्कलकोटकडचं. तिला कानडी येतं. मला "ऊटा आयता?" सोडून एक अक्षर येत नाही, आणि ते विचारल्यावर समोरचा जेवला की नाही, तेही उत्तरातून कळत नाही. शरणप्पा रोज संध्याकाळी आमच्या घरावरून जातात. फाटकापाशी थांबतात. "अक्का!" अशी हाक येते. सुनंदा हातातलं टाकून बाहेर जाते, आणि मग फाटकाच्या अलीकडून-पलीकडून कानडी सुरू होतं. मी खिडकीतून बघतो. शरणप्पा काहीतरी म्हणतात आणि सुनंदा हसते. अशी हसते, की तिला कठड्याला धरावं लागतं. माझ्या बायकोला इतकं हसता येतं, हे मला लग्नाच्या अठराव्या वर्षी कळलं.

ती आत आली की मी पेपरमधून डोकं न काढता विचारतो, "काय म्हणाले?"

"काही नाही. भेंडीबद्दल बोलत होतो."

भेंडीत हसण्यासारखं काय असतं?

"आत का येत नाहीत ते कधी?" मी एकदा विचारलं. कारण ही गोष्ट मला खुपायची. इतक्या वर्षांत शरणप्पांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. या म्हटलं की आमच्या घराकडे एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, "येतो की, परत कवातरी." त्या नजरेचा अर्थ मी लावला होता. माझ्या घराला ते न तपासताच नापास करत होते.

आणि नापास करण्यासारखं त्यात होतं, हे मलाही माहीत होतं. हे घर मी बावीस वर्षांपूर्वी घेतलं, तेही अर्थातच कागद बघून. राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी सुनंदाच्या हातून लसणाची एक पाकळी पडली आणि घरंगळत स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत गेली. त्या खोलीची फरशी पूर्वेच्या कोपऱ्याकडे कलती आहे. तेव्हापासून आमच्या घरात हरवलेली गोल वस्तू शोधावी लागत नाही. ती त्या कोपऱ्यात जाऊन आपली वाट बघत बसते. बटणं, सुपाऱ्या, मुलीच्या गळ्यातले मणी, सगळं तिथे. पुढे आम्ही त्या खोलीत अडगळ टाकायला लागलो. खिडकीतून रस्त्याची धूळ येते म्हणून मी ती पहिल्याच आठवड्यात लावून घेतली आणि तिच्यासमोर लोखंडी कपाट उभं केलं. विषय मिटला.

तो या वर्षी पुन्हा निघाला. सुनंदाचे गुडघे झिजले. आमच्या घराला रस्त्यापासून आठ पायऱ्या आणि झोपायची खोली वर. दिवसातून तीनदा ती जिना चढते तेव्हा प्रत्येक पायरीला "शिवा" म्हणते. डॉक्टरांनी सांगितलं, जिने बंद करा. आम्ही तळमजल्याचं एक घर शोधलं. तेही, सांगायला लाज वाटते, शरणप्पांनी बघून "चालतंय" म्हटल्यावरच पक्कं केलं. आता आमचं घर विकलं गेलं तर ते नवं घर मिळणार होतं. त्या घराचा मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत थांबतो, पुढे नाही.

दोन गिऱ्हाइकं आली आणि आठ पायऱ्या बघून गेली. तिसरं आलं ते एक तरुण जोडपं. नवरा श्रीनिवास एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, त्याची बायको पद्मा घरी ब्लाउज शिवते. दोघांना घर आवडलं. लहान खोलीत त्यांनी दारातूनच डोकावलं, आत अडगळ होती. जाताना श्रीनिवास नम्रपणे म्हणाला, "काका, रविवारी एकदा शरणप्पांना घेऊन येतो. चालेल ना?"

मी म्हटलं, "अवश्य." त्या वेळी माझा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही, पण सुनंदानं माझ्यासाठी पाणी आणलं.

"तू सांग ना त्यांना," मी तिला म्हणालो. "रोजची ओळख आहे तुमची. भेंडी आहे, सगळं आहे."

"काय सांगू?"

"की ती गोटी जरा दुसऱ्या खोलीत सोडा."

"ते पोरांच्या बाजूनं येणार आहेत, आपल्या नाही," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलणार नाही. आणि तुम्हीही नाही." मग गुडघा धरून सावकाश खाली बसली, आणि त्यानंतर मला तिच्याशी भांडता येईना.

शनिवारी मी बाजारातून गुपचूप एक गोटी आणली. दार लावून घेतलं, भिंतीपासून आठ विती मोजल्या, सोडली. सहा! पुन्हा सोडली. सात. सुनंदानं बाहेरून सांगितलं, "तुम्ही घाईनं मोजता." म्हणजे ती दाराला कान लावून होती. पुढे आम्ही दोघांनी मिळून मोजलं. सात. सहा वेळा सोडली, सहाही वेळा सात. मी अडगळ वर हलवली, पण कपाट जागेवरच ठेवलं, कारण त्याच्यामागे भिंतीला ओल होती. आणि फरशीवर घरातली सगळ्यात जाड चादर चौपदरी करून अंथरली. चादरीवर गोटी कशी पळते ते बघतोच, म्हटलं.

रविवारी दुपारी दोनला तिघं आले. श्रीनिवास आणि पद्मा पायऱ्या चढून वर आले. शरणप्पा फाटकातच थांबले. टोपी काढली, घातली. मग एकेक पायरी चढले आणि उंबऱ्याशी पुन्हा थांबले. मला वाटलं, आला प्रवेश. नट प्रवेशाआधी असाच थांबतो.

"या की," सुनंदा म्हणाली.

"आलो, अक्का," ते म्हणाले.

हॉल पास झाला. गोटी बारापर्यंत गेली. नाणं सगळीकडे टणटणलं. भिंतींना गाल लागले. शरणप्पा घराच्या बाहेरून फिरले, पायाशी वाकून बघितलं, कुठे तडा सापडला नाही. मी मनातल्या मनात त्यांना घरी पोचवायला लागलो. तेवढ्यात ते लहान खोलीच्या दारात आले.

"ह्ये काय अंतरलंय?"

"चादर," मी म्हणालो. "उन्हाळ्यात गार लागते."

चौपदरी चादर उन्हाळ्यात गार लागते हे ऐकून पद्मानं तोंडावर पदर धरला. शरणप्पांनी वाकून चादरीची किनार चिमटीत धरली, बोटानं लांबपर्यंत तपासली.

"आमच्या कारखान्याची हाय," ते म्हणाले. "किनार सरळ हाय बगा, फाईलसायेब. माग मी बशिवलाता." आणि त्यांनी ती शांतपणे घडी करून माझ्या हातात दिली. "आता कपाट सरकवा."

"जड आहे."

"तिगं हाव की."

कपाट सरकलं. मागची ओल उघडी पडली. मी दुसरीकडे बघितलं. श्रीनिवासनं खिडकीची कडी हलवून बघितली, ती हलेना. मग खालून हातानं दोन दणके दिले, आणि बावीस वर्षांची धूळ अंगावर घेऊन खिडकी उघडली.

दोन वाजता पूर्वेच्या खिडकीतून ऊन येत नाही. पण समोर मोकळी जागा, तिच्यापलीकडे शाळेची पांढरी भिंत. त्या भिंतीवरून उजेड आत आला आणि सबंध खोलीत पसरला. कुठे सावली म्हणून नाही. मी माझ्याच घरातल्या त्या खोलीकडे परक्यासारखा बघत राहिलो.

पद्मा तरातरा पुढे गेली, खिडकीशी उभी राहिली. "अय्यो! माझी मशीन हितं बसंल की!"

शरणप्पांनी भिंतीला हात लावला. मग खाली बसले. मला वाटलं गोटीसाठी बसले, पण गोटी त्यांनी बराच वेळ काढलीच नाही. शेवटी काढली, आठ विती मोजल्या, सोडली.

"वंदु. यरडु. मूरु. नाल्कु. ऐदु. आरु. एळु."

टक. सात.

दहाच्या आत काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सुनंदानं चौकटीला हात टेकवला. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या जिन्याकडे बघत होती.

शरणप्पांनी गोटी पुन्हा सोडली. सात. पुन्हा एकदा सोडली. सात. श्रीनिवासला राहवेना. "काय अप्पा? ब्याड?"

"बावीस वर्सामागंबी सातच हुतं," शरणप्पा म्हणाले.

"तुम्ही कधी आला होता इथे?" मी विचारलं.

"तुमच्या आदी, सायेब. दोन म्हयने आदी. नवंच बांदलेलं घर." ते गोटीकडे बघत बोलत होते. "नीलव्वाला घिऊन आलतो. ती हितं हुबी हुती, ही पोरगी हुबी हाय तितंच. म्हनली, माजी मशीन हितं बसंल. टोपीतली सुई... तवा टोपीत नव्हती, तिच्या पदराला हुती. तिनं सुई काडली, दोरा ववला. म्हनली, बगा, बल्ब नगं काय नगं. आनि मी गोटी सोडली."

पद्मा खिडकीपासून एक पाऊल मागे सरकली.

"सात आलं. म्हनलो, ब्याड. ती म्हनली, याके? का? म्हनलो, खाली काळी माती हाय, घर खचतंय, अजून खचंल, ब्याड म्हंजे ब्याड." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग लई घरं बगितली. येकाला भित गरम, येकाला फरशी पोकळ. तिनं परत काय मागितलं न्हाई. बल्बखाली शिवत बसली. शेवटाला डोळ्याला दोराच दिसंना."

सुनंदा खाली बसली. गुडघ्याचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

"रोज सांजच्याला हितनं जातोय. बगतोय, आज भित तडकंल, उद्या तडकंल. तडकली असती, तर म्हनलो असतो, बग नीलव्वा, माजंच बरुबर हुतं. न्हाई तडकली." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "आनि तुमी, सायेब, ती खिडकी कदी उगडलीसुद्धा न्हाई."

बार्शीच्या गणेशोत्सवातली सहा वर्षं त्या क्षणी काहीही उपयोगाला आली नाहीत.

शरणप्पा घसा खाकरून उठले आणि श्रीनिवासकडे वळले. एकदम कामाच्या आवाजात बोलायला लागले. "आयक. नवं घर मातीत बसतंय, तवा जरा कलतंय. हे बसायचं तितकं तवाच बसलंय. बावीस वर्सात येक आकडा हलला न्हाई, भितीला येक तडा न्हाई. आता हे हलत न्हाई. मला त्ये तवा कळलं न्हाई. ह्या खोलीची फरशी उचलून सारकी करून घे. आनि ही ओल सायबांनी कपाटामागं दडवलीया, ती आदी त्येंच्याकडनं दुरुस्त करून घ्यायची. सोडायची न्हाई."

"करून देतो," मी घाईघाईनं म्हणालो.

मग ते खिडकीखाली मांडी घालून बसले आणि टोपीतून सुई काढली. मी त्यांना याआधी दोरा ओवताना बघितलंय. दोरा थुंकीनं ओला करतात, दोनदा चुकतो, तीनदा चुकतो. त्या दिवशी पहिल्याच फटक्यात ओवला गेला. बराच वेळ ते सुई उजेडात धरून बसले.

"चालतंय," ते म्हणाले. हे त्यांनी श्रीनिवासला सांगितलं, असं मला तरी वाटलं नाही.

पद्मा आणि श्रीनिवास बाहेर जाऊन एकमेकांत तेलुगूत बोलायला लागले, आनंदानं, हातानं खिडकीकडे दाखवत, बहुधा पडदा कुठला लावायचा वगैरे. घर विकलं गेलं होतं. सुनंदाला तळमजला मिळाला होता. मी खूश व्हायला हवा होतो आणि झालोही, पण चादर हातात धरून मी हिशेब मांडत होतो. मी या माणसावर आठ वर्षं जळत होतो. तो माझ्यावर बावीस. म्हणजे याही बाबतीत शरणप्पा माझ्या पुढेच निघाले.

आतून हाक आली. "अक्का, कपभर चा मिळंल का?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. तपासणीच्या घरी पाणीसुद्धा न पिणारा माणूस चहा मागत होता.

"हॉलमध्ये बसा की, पंख्याखाली," ती म्हणाली.

"नगं. हितंच."

तिनं चहा केला, कपबशी त्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार अर्धं ओढून बाहेर आली. आम्ही दोघं हॉलमध्ये बसलो. थोड्या वेळानं आतून शरणप्पांचा आवाज यायला लागला. हळू, कानडीतून. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे, समोरच्यानं उत्तर द्यावं एवढा वेळ. मग पुढचं वाक्य. एकदा हसलेसुद्धा.

मला राहवेना. मी कुजबुजत विचारलं, "काय म्हणतायत?"

सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "तुमच्याशी नाही बोलत ते."

"मग तुझ्याशी?"

"माझ्याशीही नाही," ती म्हणाली, आणि उठून तिनं पंखा बंद केला. त्याचा आवाज आत जात होता.